तुळस वाळली तर आधी मुळाशी पाहावे

वारकऱ्याच्या घरात दुसरे काही असो वा नसो, दारात तुळस आणि गळ्यात माळ ही असावयाचीच. गळ्यातली माळ तुटली तर मणी वेचून पुन्हा ओवता येतात. दारातली तुळस वाळली म्हणजे मात्र साऱ्या घराच्या मनाला चुटपुट लागून राहते. रत्नागिरी जिल्ह्यात कीर्तनानिमित्त गावोगाव फिरताना आम्हांस परमार्थाचे जितके प्रश्न विचारले जातात, जवळजवळ तितकेच तुळशीचे विचारले जातात. आरती होते, बुक्का लावून होतो, मंडळी पांगतात, आणि मग एखादी माउली हळूच पुढे येऊन म्हणते, "बुवा, आमच्याकडे तुळस टिकतच नाही. काय चुकतंय हो आमचं?"

हा प्रश्न हळू आवाजात का विचारला जातो, ते आम्हांस पुष्कळ घरे पाहून कळले आहे. तोवर घरातल्या कोणीतरी निकाल देऊन टाकलेला असतो. "हिच्या हातची तुळस लागत नाही." "नवी सून आली आणि वृंदावन ओकं झालं." "अडचणीच्या दिवसांत शिवली असेल." बोलणारा बोलून जातो, ऐकणारीच्या काळजाला मात्र ते शब्द रोज सांजवातीच्या वेळी टोचतात. म्हणून आरंभीच स्पष्ट सांगतो. झाडाला ऊन कळते, पाणी कळते, माती कळते. शिवणाऱ्या बाईचे दिवस झाडाला कळत नाहीत, आणि सुनेचा पायगुणही कळत नाही. तुळस वाळली तर कोणाच्या कपाळाकडे पाहू नये, तिच्या मुळाशी पाहावे. एवढाच या पाठाचा सिद्धांत आहे. पुढे जे सांगावयाचे ते त्याचे विवरण.

पूर्वपक्ष आणि उत्तर

आता कोणी म्हणेल, "बुवा, आम्ही काही कमी केले नाही. रोज आंघोळ करून तांब्याभर पाणी घालतो, वर दूध घालतो, हळदकुंकू वाहतो, उदबत्ती लावतो. तरी तुळस वाळते कशी?"

अहो, रोज हे सारे घालता, म्हणूनच ती वाळते! झाडाचे मूळ नुसते पाणी पीत नाही, ते श्वासही घेते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, तिच्यावर मूळ जगते. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरते, काळे पडते, कुजते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, मग वरची पाने माना टाकतात. पाने कोमेजलेली पाहून घरच्या माणसाला वाटते, बिचारी तहानली आहे, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. पाण्यात उभी राहून तुळस तहानेने मरते, ती अशी.

एका घरी वर्षात तिसऱ्यांदा तुळस वाळली होती, आणि बोल अर्थातच सुनेला लागला होता. आम्ही वृंदावनातली माती उकरावयास सांगितली. वीतभर खाली माती काळी, चिकट आणि आंबूस वासाची निघाली. तळाशी पाणी जावयाला भोकच नव्हते. वृंदावनाला नवे सिमेंट केले तेव्हा गवंड्याने ते बुजवून टाकले होते. पहारीने भोक पाडले, माती बदलली, रोप लावले. पुढल्या तुळशीच्या लग्नाला तीच तुळस ढोपराच्या वर आली होती. सून तीच, हात तेच. बदलले ते एक भोक.

आमच्या मुलखात हा दोष अधिकच बाधतो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक मृगापासूनच्या चार महिन्यांत. कातळावरून हे पाणी वाहून जाते, पण वृंदावन म्हणजे चिऱ्यांची किंवा सिमेंटची पेटीच. तिच्यात शिरलेले पाणी जाणार कोठे?

नाव, गुण आणि ओळख

जिला तुलना नाही ती तुलसी, अशी व्युत्पत्ती आपल्या जुन्या पंडितांनी सांगितली आहे. वैद्यकात तिचे नाव सुरसा. चरकसंहितेत श्वासाचा विकार हरण करणाऱ्या दहा औषधींत सुरसा मोजली आहे. घराघरांत पांढरी चांगली की काळी, असा वाद चालतो. हिरव्या पानांची ती राम तुळस, जांभळट दांड्याची ती कृष्ण तुळस. भावप्रकाशात या दोन्ही गुणांनी सारख्याच म्हटल्या आहेत, तेव्हा वाद नको. जी आपल्या अंगणात रुजेल ती आपली.

बाजारातून रोप आणताना मात्र सब्जा आणू नये. सब्जा, पुदिना आणि तुळस एकाच कुळातली, आणि तिघांचाही कोवळा दांडा बोटांत फिरवला तर चौकोनी लागतो. पण सब्ज्याचे पान बहुधा गुळगुळीत नि तुकतुकीत, तुळशीच्या पानावर बारीक लव आणि कडेला दाते. चोळून वास घेतला की लवंगेची आठवण होते ती तुळस, कारण लवंगेत जे युजेनॉल नावाचे तेल असते तेच तुळशीतही असते.

बी आणि रोप

वाळून तपकिरी झालेली मंजिरी तळहातावर चोळावी. प्रत्येक फुलाच्या टोपीतून चारपर्यंत बारीक बिया निघतात. बी फार लहान, म्हणून ते खोल पुरू नये. चिमूटभर बी कोरड्या बारीक मातीत मिसळून पसरट कुंडीत भुरभुरावे, वर बी जेमतेम झाकेल इतकीच माती चाळून टाकावी आणि हाताने पाणी शिंपडावे. तांब्याने ओतले तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. आठ ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. दाटी झाली तर अशक्त रोपे उपटून सशक्त ठेवावीत.

आमच्याकडे बी पेरावयाला भाद्रपदाची अखेर बरी. पावसाचा जोर ओसरलेला असतो, ऊन कोवळे असते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रोप सहा पानांचे होऊन वृंदावनात लावण्याजोगे होते. बी नसेल तर मंजिरी न आलेली वीतभर फांदी पानांच्या जोडीखाली कापावी, खालची पाने काढावीत आणि ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावी. एक-दोन आठवड्यांत तिला मुळे फुटतात.

माती आणि वृंदावन

आपली जांभी माती आंबट गुणाची. मुसळधार पावसाने तिच्यातले सत्त्व धुऊन जाते. म्हणून नुसती अंगणातली माती भरू नये. दोन भाग माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कुजलेला पातेरा असे मिश्रण करावे. वर मूठभर चुलीतली राख घातली तर आंबटपणा कमी होतो. मूठभरच, अधिक नको. ताजे शेण मुळाला पोळते, ते घालू नये. आणि समुद्राची वाळू तर कधीच नको. तिच्यातल्या मिठाने मूळ जळते. बागायतीच्या मातीची परीक्षा कोणी करून घेतच असेल, तर त्याबरोबर अंगणातली मातीही द्यावी. दापोलीला १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचा उपयोग आंबा-नारळापुरताच का करावा?

वृंदावनाच्या किंवा कुंडीच्या तळाला करंगळी जाईल एवढे भोक असावे, आणि त्यावर फुटक्या कौलाची खापरी पालथी ठेवावी. पाणी जाते, माती राहते. माती भरताना मधे उंच आणि कडेला उतरती भरावी. कुंडी असेल तर तिचे तोंड निदान वीतभराहून मोठे असावे.

जागा ऊन पाहून ठरवावी. रोज पाच-सहा तास ऊन मिळाले तर तुळस भरगच्च होते. आंब्याफणसाच्या सावलीत ती उन्हाकडे धावत लांबुडकी होते आणि विरळ राहते. हल्ली शहरात सदनिका झाल्या, अंगण गेले, गॅलरी आली. तेथेही पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी तुळशीला द्यावी आणि उत्तरेची कपडे वाळवावयास ठेवावी. मांडवी, भाट्ये, मिऱ्या अशा किनाऱ्यालगतच्या वस्तीत खारा वारा पानांच्या कडा करपवतो. तेथे भिंतीच्या आडोशाला तुळस ठेवावी आणि आठवड्यातून एकदा पानांवरून गोडे पाणी शिंपडून मीठ धुऊन टाकावे.

पळी पूजेची, तांब्या तहानेचा

आता मुख्य गोष्ट. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत एक पेर खुपसून पाहावे. बोटाला ओल लागली तर तहान नाही. कोरडे लागले तर सकाळी, तळातून थेंब येईपर्यंत सावकाश पाणी घालावे. चैत्र-वैशाखात हे रोज करावे लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड, पावसाळ्यात मुळीच नाही.

"मग रोजच्या पूजेचे काय? पाणी घातल्यावाचून प्रदक्षिणा कशी घालावयाची?" असे विचारणारे पुष्कळ. त्यावर आमचे सांगणे असे, की पूजेला पळीभर पाणी पुरे. देव भाव मोजतो, मापे मोजत नाही. मातीला ओल असेल त्या दिवशी पळीभर पाणी वृंदावनाच्या कठड्यावर सोडावे, हात जोडावेत, आणि तांब्यातले उरलेले पाणी जास्वंदीला किंवा केळीला घालावे.

दूध, साखर, तेल, तूप मुळाशी ओतू नये. दूध नासून मातीला बुरशी येते, साखरेला मुंग्या लागतात, तेलाने माती घट्ट होते. हळदकुंकू खोडाला फासू नये, वृंदावनाच्या दगडाला वाहावे. उदबत्तीची काडी मातीत खोचू नये. आपल्या जुन्या गवंड्यांनी वृंदावनाला दिव्यासाठी देवळी ठेवली आहे, ती उगीच नव्हे. दिवा तेथे ठेवला की वाऱ्याने विझत नाही आणि पानेही करपत नाहीत.

मंजिरी खुडणे ही सेवाच

तुळस वाळण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे न खुडलेली मंजिरी. मंजिरी आली की झाड आपले बळ बियांत ओतू लागते. पाने लहान होतात, दांडे लाकडासारखे कडक होतात, आणि बी पिकले की आपले काम झाले असे समजून झाड उतरणीला लागते. मंजिरी कोवळी असतानाच, खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर खुडली, तर त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे झाड भरत जाते.

आणि पाहा कसा योग आहे! विष्णुपूजेला पानाइतकीच मंजिरीची आवड. विठ्ठलाच्या गळ्यातला हार पाहा, त्यात मंजिऱ्या असतातच. म्हणजे जो भाविक रोज सकाळी मंजिरी खुडून देवाला वाहतो, तो नकळत झाडाची उत्तम छाटणी करतो. देवाला मिळते आणि झाडालाही लाभते. पाप लागेल या भीतीने मंजिरीला हातच न लावणारा मात्र तुळशीचे आयुष्य तोडतो. बियासाठी एक-दोन मंजिऱ्या पिकू द्याव्यात, बाकीच्या देवाच्या.

खुडताना नखाने ओरबाडू नये, बोटांच्या चिमटीने किंवा लहान कात्रीने हळुवार खुडावे. रोज एकाच फांदीवर हात टाकू नये, भोवताली फिरत शेंडे घ्यावेत. द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तुळस खुडू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. त्याचा मूळ हेतू धर्माचा. पण झाडाला विसावा मिळतो हा त्याचा प्रसाद समजावा. एकादशीला हारासाठी पाने पुष्कळ लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा विसावा तिला हवाच असतो. हारासाठी एकच झाड उघडे पाडण्यापेक्षा परसात पाच-सात रोपांचा ताटवा करावा आणि वृंदावनातली तुळस पूजेला राखावी.

कीड

पानांच्या मागे काळे बारीक ठिपके दिसले, पाने वळू लागली आणि वरून निस्तेज झाली, तर जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण लागले असे समजावे. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण. बाधलेले शेंडे कापून दूर न्यावेत, पाने पाण्याने मागून-पुढून धुवावीत. तेवढ्याने न हटले तर निंबोळीतल्या गराची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी आणि आठवडाभर ती पाने नैवेद्याला वा काढ्याला घेऊ नयेत. बागेतल्या विषारी औषधाचा पंप तुळशीवर कधीही चालवू नये. हे पान आपण तीर्थात घालतो आणि अखेरच्या क्षणी माणसाच्या मुखात ठेवतो, याचे स्मरण असावे.

पावसाळा आणि वारी

ज्येष्ठात मृगाचा पाऊस येण्यापूर्वी तीन कामे उरकावीत. तळाचे भोक काडीने मोकळे करावे. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा. वृंदावनावर चार बांबू रोवून झापाचे किंवा पारदर्शक कागदाचे छत करावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात म्हणजे हवा आणि उजेड येतो. कुंडी असेल तर ती पडवीच्या कडेला घ्यावी, पण पागोळीखाली नको. वरून पडणारी धार माती उपसून मुळे उघडी पाडते. खालची पिवळी पाने वेचून टाकावीत.

आषाढीला घरची माणसे पायी वारीला निघाली की एक काळजी असते, मागे तुळशीला पाणी कोण घालणार? वारकऱ्यांनो, निश्चिंत जा. रत्नागिरीच्या आषाढात तुळशीला पाणी घालणारा नको, तिला पाण्यापासून राखणारा हवा. छत करून ठेवलेत की झाले. कार्तिकीला मात्र पाऊस गेलेला असतो. तेव्हा शेजारणीला सांगून जावे, आणि बोटाची परीक्षाही तिला शिकवून जावी.

दिंडीत ज्या माउली डोक्यावर तुळस घेऊन चालतात त्यांनी महिनाभर आधी रोप लहान, हलक्या कुंडीत लावून ठेवावे. ऐन निघण्याच्या दिवशी लावलेले रोप वाटेत मान टाकते. मातीत कुजलेला पातेरा जास्त घालावा म्हणजे ओझे कमी आणि ओल टिकते. शेंडे आधीच खुडलेले असले तर झाड ठेंगणे राहून वाऱ्याला डुलत नाही.

तुळशीचे आयुष्य

एवढे सगळे केले तरी तुळस अमर नाही. दोन-तीन वर्षांत तिचे खोड लाकूड होते, पाने विरळ होतात, आणि एके दिवशी ती वाळते. हा तिचा देहधर्म आहे, अपशकुन नव्हे. शहाण्या माणसाने तिच्याच बियांचे रोप दरवर्षी तयार ठेवावे आणि तुळशीचे लग्न झाल्यावर माती बदलून ते वृंदावनात लावावे. गुरूमागून शिष्य यावा तशी त्याच अंगणात तिची परंपरा चालते.

वाळलेले खोडही टाकाऊ नाही. आपल्या गळ्यातली माळ तुळशीच्या वाळल्या काष्ठाचीच असते ना? हिरवी होती तेव्हा पाने देवाला गेली, वाळली तेव्हा लाकूड भक्ताच्या गळ्यात आले. मग वाळलेली तुळस पाहून घराने घाबरावे कशाला, आणि कोणा लेकीसुनेला बोल तरी का लावावा?

तेव्हा यापुढे तुळस कोमेजली तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम एक काम करावे. कोणाला काही बोलण्यापूर्वी स्वतः वाकून बोट मातीत घालावे, तळाचे भोक वाहते आहे का पाहावे, मंजिऱ्या माजल्या आहेत का पाहावे. शंभरात बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडेल. सापडले म्हणजे सुनेला हाक मारून तेही दाखवावे, आणि दोघांनी मिळून नवे रोप लावावे. तुळशीची सेवा ती हीच.

रामकृष्णहरि.